‘पाच वर्षांत औषध येईल,’ असं मी तिला म्हणाले होते

ताई,
माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. नवव्या वर्षी तिला टाइप १ मधुमेह झाला. हॉस्पिटलमधल्या पहिल्या रात्री ती रडून रडून थकली तेव्हा तिला जवळ घेऊन मी म्हणाले, “पाच वर्षांत यावर औषध येईल बघ.” तिच्या बाबांना विज्ञानाच्या बातम्यांचं भारी वेड. जेवताना मोबाइलवरून वाचून दाखवायचे. २०२३ मध्ये नेहमीच्या तापमानाला सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला जराही विरोध न करणारा पदार्थ, सापडल्याची बातमी आली, तेव्हा बापलेक रात्री जागून व्हिडिओ बघत बसले होते. महिन्याभरात त्यातलं काहीच खरं नाही असं निघालं. स्टेम सेलनं मधुमेह बरा झाल्याच्या बातम्या तर नातेवाईक सारख्या पाठवत असतात. मागच्या महिन्यात तिच्या आजाराला पाच वर्षं झाली. त्या दिवशी तिनं दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर ओढून काढला आणि म्हणाली, “झाली पाच वर्षं. कुठंय औषध? तू पण खोटं बोललीस आणि ते शास्त्रज्ञ पण.” इन्शुलिन घेते, पण सेन्सर परत लावायला तयार नाही. यांनी बातम्या वाचणं बंद केलंय. तिला या सगळ्यापासून लांबच ठेवावं का? आशा दाखवावी की नाही, हेच कळेनासं झालंय.
— एक आई

ताई,

आधी सेन्सरचं. ती इन्शुलिन घेते आहे हे वाचलं आणि जीवात जीव आला, कारण टाइप १ मध्ये इन्शुलिन सुटलं तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. सेन्सर नसेल तोवर बोटातून रक्त घेऊन साखर तपासायलाच हवी, रात्री झोपायच्या आधीसुद्धा. तिच्या डॉक्टरांना जे झालं ते जसंच्या तसं सांगा. रोज मोजायचं, रोज टोचायचं, सुट्टी म्हणून नाहीच, याचा वीट येणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. त्यासाठी तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. इन्शुलिनचे डोस चुकायला लागले किंवा ती अगदी गप्प गप्प राहू लागली, तर मात्र पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

आता त्या पाच वर्षांबद्दल.

पाच वर्षांचा शब्द तुम्ही दिला होता. त्या रात्री तुम्हाला भीती वाटत होती आणि समोर नऊ वर्षांचं लेकरू रडत होतं. तुमच्या जागी मी असते तरी कदाचित हेच बोलले असते. पण तिनं तो शब्द जपून ठेवला, दिवस मोजले, आणि मोजणी संपल्यावर तिच्या हाती काही आलं नाही. म्हणून पहिलं काम हे की तिला सांगा, “ते मी म्हणाले होते. कुठल्या शास्त्रज्ञानं म्हटलं नव्हतं. मी घाबरले होते आणि तुला धीर देण्यासाठी बोलले. माझं चुकलं.” एवढंच सांगा. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘पण आता खरंच जवळ आलंय’ असं पुढे म्हणालात, तर तिच्या लेखी दुसरी पाच वर्षं सुरू होतील.

बातम्यांपासून लांब ठेवायचं का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. चौदा वर्षांच्या मुलीला लांब ठेवता येतही नाही. बातम्या तिच्या मोबाइलवरही येतात, फरक एवढाच की तिथं ती त्या एकटीनं वाचेल. नुसते मथळे वाचून दाखवणं मात्र बंद झालं ते बरं झालं. बातमी वाचायचीच तर शेवटपर्यंत आणि तिच्याबरोबर बसून वाचा.

‘शास्त्रज्ञ खोटं बोलतात’ या तिच्या वाक्याला नुसतं ‘असं बोलू नये’ म्हणून भागणार नाही. ती आणि तिचे बाबा ज्या पदार्थासाठी जागले, त्याची पूर्ण गोष्ट तिला सांगायला हवी. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटानं एलके-९९ नावाच्या पदार्थाबद्दल निबंध इंटरनेटवर टाकला. शिसं, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडं तांबं असा तो पदार्थ. जवळजवळ १२७ अंश सेल्सियसपर्यंत तो विजेला जराही विरोध करत नाही, असा त्यांचा दावा होता. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. तुमच्या घरातही तोच बघितला असणार. पुढच्या काही आठवड्यांत अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः बनवला. बनवताना त्यात तांब्याचं सल्फाइड मिसळलं जातं, आणि सुमारे १०४ अंशांना या सल्फाइडचीच रचना बदलून त्याचा विरोध एकदम घटतो, हे लक्षात आलं. ती घट पाहून कोरियातल्या गटाची फसगत झाली होती. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सल्फाइडची भेसळ नसलेले शुद्ध स्फटिक वाढवले गेले. ते जांभळट, पारदर्शक निघाले, आणि त्यांच्यातून वीज जवळपास वाहतच नव्हती.

मला यातला ऑगस्ट महिना जुलैपेक्षा जास्त आवडतो. एका गटाची चूक अनोळखी माणसांनी, कुणी न सांगता, महिन्याभरात शोधून काढली आणि नेमकी कुठं गफलत झाली तेही दाखवलं. मी काही वर्षं प्रयोगशाळेत काम केलं आहे. तिथं तीन आठवडे एका निकालावर आम्ही खूश होतो आणि मग कळलं, एका बाटलीतलं द्रावण दूषित होतं. तो दिवस वाईट गेला, पण ती बाटली पुन्हा तपासायला सांगणारी सहकारी नसती तर आमची चूक दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडली असती. तुमची लेक ‘कुठंय?’ असं विचारते आहे. ऑगस्टमध्ये त्या प्रयोगशाळांनीही हेच विचारलं होतं. तिला हे कुणीतरी सांगायला हवं.

आता तिच्या आजाराबद्दल. त्या बातम्यांना एलके-९९च्या रांगेत बसवणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. सुपरकंडक्टरचा दावा चुकीचा होता. मधुमेहाच्या बातम्यांतल्या बऱ्याचशा खऱ्या आहेत, पण अर्ध्या सांगितलेल्या.

२००० साली कॅनडात एडमंटन इथल्या डॉक्टरांनी सात जणांच्या यकृतात मृत दात्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी सोडल्या. या पेशी स्वादुपिंडात बेटांसारख्या पुंजक्यांनी असतात, म्हणून त्यांना बेटंच म्हणतात. सातही जणांना बाहेरून इन्शुलिन घ्यावं लागेना. त्या वेळचे मथळे कसे असतील ते तुम्हीच ओळखा. पण एका रुग्णासाठी बहुतेक वेळा दोन-दोन दात्यांच्या पेशी लागायच्या, शरीरानं त्या मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागायची, आणि पाच वर्षांनी मोजलं तेव्हा इन्शुलिनशिवाय राहिलेले दहातला एक एवढेच होते. म्हणजे तीन अडचणी: पेशी आणायच्या कुठून, त्यांना शरीरापासून वाचवायचं कसं, आणि त्या टिकणार किती. पंचवीस वर्षं संशोधक याच तीन गाठी सोडवत आहेत. मधुमेहाची कुठलीही बातमी आली की ती यातल्या कोणत्या गाठीबद्दल आहे, एवढंच आधी बघायचं.

पहिली गाठ बरीच सुटली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणीची बातमी आली होती. तिच्याच शरीरातल्या पेशी प्रयोगशाळेत मूळ पेशींसारख्या (म्हणजे स्टेम सेलसारख्या) करून, त्यांची बेटं बनवून, तिच्या पोटाच्या स्नायूत ठेवली होती. ७५ दिवसांनी तिला बाहेरून इन्शुलिन घ्यावं लागेना. ही बातमी तुमच्या नातेवाइकांनी नक्की पाठवली असेल. त्यांच्याकडून बहुधा राहिलं ते हे की तिचं आधी यकृताचं प्रत्यारोपण झालं होतं आणि त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीपासून घेतच होती. तेव्हा औषधांशिवाय तिच्या पेशी टिकल्या असत्या का, हे त्या एका तरुणीवरून ठरत नाही.

जून २०२५ मध्ये त्याहून मोठा निकाल आला. मूळ पेशींपासून बनवलेली बेटं यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडली. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षाअखेर इन्शुलिनची गरज नव्हती. साखर अचानक घसरून बेशुद्ध पडण्याइतका त्रास या सगळ्यांना आधी होता, तो बाराही जणांचा थांबला. ही फार मोठी गोष्ट आहे. निकाल वाचला त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना उठवून सांगितलं होतं. पण त्याच निबंधात हेही आहे की अभ्यासातल्या एकूण १४ जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला. एकाचा आधीपासूनचा मेंदूचा आजार बळावून, दुसऱ्याचा बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वरानं. प्रतिकारशक्ती दाबलेली असली की असे संसर्ग अंगात शिरतात. ज्याचा जीव साखर घसरल्यानं वारंवार धोक्यात येतो, त्याच्यासाठी हा धोका पत्करण्यासारखा असू शकतो. चौदा वर्षांच्या, सेन्सर आणि इन्शुलिनवर ठीक चाललेल्या मुलीसाठी नाही. म्हणून तो उपचार खरा असूनही आज तिच्यासाठी नाही. हे वाक्य तिला असंच सांगा. मुलांना ‘आज तुझ्यासाठी नाही, कारण हे’ असं म्हटलेलं समजतं. ‘लवकरच येईल’ याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही.

दुसऱ्या गाठीवर ऑगस्ट २०२५ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथून जे आलं, त्यानं मला सगळ्यात जास्त उमेद दिली, आणि मथळ्यांच्या हिशोबानं ते सगळ्यात लहान आहे. एका दात्याच्या बेटांमधली जनुकं बदलून, शरीर ज्या खुणांवरून परकी पेशी ओळखतं त्या खुणाच काढून टाकल्या. मग त्या पेशी एका माणसाच्या हाताच्या स्नायूत ठेवल्या, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एकही न देता. बारा आठवड्यांनी त्या जिवंत होत्या आणि इन्शुलिन बनवत होत्या. किती? अगदी थोडं. मात्राच मुद्दाम लहान ठेवली होती, त्यामुळे त्या माणसाचं इन्शुलिन सुटलं नाही. ‘मधुमेह बरा झाला’ असं कुणी लिहिलं असेल तर ते चूक आहे. ‘औषधांशिवाय परकी बेटं एका माणसात बारा आठवडे टिकली’ हे बरोबर आहे, आणि टाइप १ असलेल्या पोरीच्या आईनं ते वाचून डोळे पुसावेत इतकं महत्त्वाचं आहे.

तिसऱ्या गाठीला, टिकण्याला, काळाशिवाय उपाय नाही. वर्षभर टिकतं का हे कळायला वर्ष लागतं, दहा वर्षांचं कळायला दहा. तिच्या बाबांना हे सोलर पॅनेलवरून पटेल. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचे सौर घट २००९ मध्ये उन्हाचं ३.८ टक्केच विजेत बदलायचे. आज तो आकडा २६च्या वर गेला आहे. तरीही छतांवर सिलिकॉनच दिसतं, कारण सिलिकॉनचं पॅनेल पंचवीस वर्षं ऊन-पाऊस सोसतं आणि पेरोव्हस्काइट ओलावा नि उष्णतेनं खराब होतं. त्याला टिकाऊ करायचं काम चालू आहे. अर्ध्या मथळ्याचं उदाहरणही घ्या: ५ डिसेंबर २०२२ला अमेरिकेत लेझरनं संलयन (हलक्या अणूंचे गाभे जोडून ऊर्जा मिळवणं) घडवलं, तेव्हा २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत गेली आणि ३.१५ बाहेर आली हे खरंच. ते लेझर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले गेले, हेही खरं. आत म्हणजे कुठपर्यंत आत, हे विचारलं की दोन्ही आकडे एका बातमीत सुखानं बसतात. बाबांना जेवणाच्या टेबलावर परत बोलवा आणि त्यांना हे काम द्या: मथळा त्यांनी वाचायचा, तिनं प्रश्न विचारायचे. किती माणसांवर? किती दिवस? बरोबर अजून काय घ्यावं लागलं? दुसऱ्या कुणी करून बघितलं का? ती त्यांना घाम फोडेल असा मला विश्वास आहे.

तिला कधीतरी वाटेल की गाठी सुटतच नाहीत. तेव्हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं सांगा. क्रिस्परनं जनुकं हवी तिथं कापता येतात हे २०१२ मध्ये परीक्षानळीत दाखवलं गेलं. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत त्यावर आधारलेला सिकलसेलचा उपचार मंजूर झाला. त्या चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनांचा एकही झटका आला नाही. अकरा वर्षं लागली. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली होती आणि आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, म्हणजे तिथंही पुढचं काम उरलंच आहे. पण परीक्षानळीपासून माणसापर्यंतचा रस्ता आहे आणि त्यावरून लोक पोचले आहेत.

आणि तिनं ओढून काढलेला तो सेन्सर. तो हातात घेऊन एकदा तिच्याशी बोला, रागावून नाही. त्याच्या टोकाला केसाएवढी तार असते. तिच्यावरचं विकर (एन्झाइम) साखरेशी संयोग पावलं की सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून साखर कळते. ही कल्पना १९६२ची आहे. तार त्वचेखाली दिवसेंदिवस राहावी, शरीरानं तिला परकं समजून बंद करू नये, म्हणून तिच्यावर पातळ आवरणं चढवायला नवे पदार्थ घडवणाऱ्या संशोधकांना कित्येक दशकं लागली. तिचं इन्शुलिनही तसंच. आधी ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेता आलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. १९२१च्या आधी हा आजार झाला असता तर तिला उपाशी ठेवून थोडा काळ जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. हे तिला ‘बघ तू किती नशीबवान’ अशा सुरात सांगू नका, त्याचा तिला रागच येईल. ती विचारते आहे ‘कुठंय औषध?’, आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा तिच्या दंडावर होता, एवढं तिला कळू द्या.

तो परत लावायला तिला एक खरं कारणही आहे. अमेरिका आणि कॅनडात १३ ते ३९ वर्षांच्या १४४१ जणांचा एक अभ्यास झाला. त्यातले काही तुमच्या लेकीपेक्षा लहान होते. निम्म्यांनी साखर फार बारकाईनं सांभाळली, निम्म्यांनी तेव्हाच्या रीतीनं. १९९३ मध्ये निकाल आला: बारकाईनं सांभाळणाऱ्यांत डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. त्यांच्यात साखर फार खाली जाण्याचे प्रसंग मात्र तिप्पट घडले, आणि त्या काळी खाली जाताना सावध करणारा सेन्सर त्यांच्याकडे नव्हता. तिच्याकडे आहे. शिवाय पुढे कधी बेटांचा उपचार तिच्या वाट्याला आला, तर त्या दिवशी तिची मूत्रपिंडं आणि डोळे धडधाकट हवेत. प्रतिकारशक्ती दाबणारी बरीच औषधं मूत्रपिंडांवर ताण टाकतात, आणि ती आधीच थकलेली असली तर डॉक्टर उपचार देतानाही कचरतात.

नातेवाइकांचं एक राहिलं. ते पाठवतात त्यात कुठल्या तरी क्लिनिकची जाहिरात असेल, पैसे भरून स्टेम सेल घ्या, इन्शुलिन बंद करा असं सांगणारी, तर तिला उत्तरही देऊ नका. खऱ्या चाचणीत भाग घेणाऱ्याला प्रयोगातल्या उपचाराची किंमत मोजावी लागत नाही, आणि टाइप १ मध्ये ‘आधी इन्शुलिन बंद करा’ म्हणणारा माणूस धोकादायक आहे. त्याला कितीही पदव्या असोत.

ती पुन्हा विचारेल, “मग कधी?” तेव्हा “माहीत नाही” म्हणा आणि उप्सालाची ती बातमी तिच्यासमोर ठेवा. एक माणूस, बारा आठवडे, औषध नाही, मात्रा लहान. मग पुढचा प्रश्न तिचा तिला सुचू द्या. तिला तो कुणाला विचारावासा वाटला तर मला लिहायला सांगा, तिच्याच हातानं आणि तिच्याच शब्दांत. मी उत्तर तिच्याच नावानं पाठवीन.